शर्टची किंमत नऊ पाउंड पंधरा: चिनी हायस्कूलच्या मुलांचं इंग्लिश लिसनिंग-रीडिंग कसं पक्कं करायचं

आम्ही मूळचे इचलकरंजीचे, नवऱ्याचा कापडाचा धंदा, त्यामुळे चीनमध्ये आलो ते थेट शाओशिंगच्या केछ्याओला, कापडवाल्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. शेजारची मुलगी अकरावीत आहे, बोर्डिंगला असते, शनिवारी संध्याकाळी घरी येते आणि रविवारी दुपारी जेवून परत. त्या मधल्या वेळात दोन तास माझ्या किचनमधल्या टेबलावर इंग्लिश. मला ती 'आयी' म्हणते. चिनीत मावशी-काकूला आयी म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पहिल्या दिवशी दारात उभं राहून तिने आयी म्हटलं आणि मी दचकलेच. असो. इथे आपल्या लोकांची काही मुलं लोकल शाळेत आहेत, त्यांच्या आया सारखं विचारतात की इंग्लिशचं काय करता, आणि काही जण घरबसल्या चिनी मुलांना ऑनलाइन शिकवतात ते पण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी पेपर कसा असतो ते बघा, कारण तो माहीत नसेल तर प्रॅक्टिस भलत्याच गोष्टीची होते. गाओकाओ म्हणजे इकडची बारावीची परीक्षा, कॉलेजची अ‍ॅडमिशन तिच्यावर. इंग्लिशचा पेपर 150 मार्कांचा, 2 तासांचा. त्यात लिसनिंग 30 मार्क, 20 प्रश्न, प्रत्येकी दीड मार्क. रीडिंग 50 मार्क, ते पण 20 प्रश्न, प्रत्येकी अडीच. राहिलेल्या 70 मध्ये गाळलेल्या जागा, ग्रामर आणि लेखन. हे आमच्या झच्यांग प्रांताचं झालं आणि जिथे जिथे हाच राष्ट्रीय नमुन्याचा पेपर आहे तिथलं. बीजिंगला लिसनिंग आणि स्पीकिंग मिळून 50 मार्क आणि ते कॉम्प्युटरवर, ग्वांगडाँगला 2011 पासून वेगळी कॉम्प्युटर परीक्षा, आता ती 20 मार्कांची, त्यात ऐकलेली गोष्ट परत आपल्या शब्दांत सांगायची असते. म्हणजे मूल कुठल्या प्रांतात परीक्षा देणार हे आधी विचारा मग पुस्तकं घ्या, मी उलटं केलं होतं, दोन पुस्तकं तशीच पडलीयेत.

झच्यांगची एक चांगली गोष्ट म्हणजे इंग्लिशला दोन चान्स मिळतात, जानेवारीत एकदा आणि जूनमध्ये एकदा, ज्यात जास्त पडतील ते धरतात. त्यामुळे इथली हुशार मुलं जानेवारीतच इंग्लिश उरकायला बघतात, म्हणजे खरी तयारी अकरावीतच व्हायला लागते.

लिसनिंगमध्ये पहिले पाच छोटे संवाद, एकेकच वाक्य हा बोलतो ती बोलते की संपलं, आणि ते एकदाच ऐकवतात. पुढचे पाच मोठे, ते दोनदा ऐकवतात. पर्याय तीनच असतात. आणि सुरुवातीला एक उदाहरण असतं जे चीनमधल्या कुठल्याही हायस्कूलवाल्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. बाई विचारतात की साहेब... नाही चुकलं, साहेब विचारतो, 'एक्सक्यूज मी, कॅन यू टेल मी हाऊ मच द शर्ट इज?' आणि बाई म्हणते, 'येस, इट्स नाइन फिफ्टीन.' पर्याय 19.15 पाउंड, 9.18 पाउंड, 9.15 पाउंड, उत्तर सी. वर्षानुवर्षं तोच शर्ट तीच किंमत, मुलं यावर जोक करतात की जगात सगळं महागलं पण हा शर्ट नाही. पण ह्या शर्टाचा एक उपयोग आहे तो खाली सांगते.

आता मूळ दुखणं. ही पोरं कमी अभ्यास करत नाहीत, उलट सकाळी सातच्या आत वर्गात बसून मोठमोठ्याने वाचत असतात, त्याला जाओदू म्हणतात (जहाजातला ज), सकाळचं वाचन. शब्दांचं जाडजूड पुस्तक असतं, हायस्कूलच्या सिलॅबसचे 3000 शब्द, एबीसीडी क्रमाने, आणि पहिलाच नेहमीचा शब्द 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे, त्यावर अख्ख्या देशात जोक आहेत की पुस्तक उघडलं, अबॅन्डन वाचलं आणि सोडून दिलं. तर शब्द पाठ आहेत, पण डोळ्यांनी पाठ आहेत. कानाला ते शब्द कधी भेटलेलेच नाहीत. कागदावर दिसला तर अर्थ, स्पेलिंग, वाक्यात उपयोग सगळं सांगेल, आणि तोच शब्द रेकॉर्डिंगमध्ये गेला तर 'आयी, हा काय म्हणाला?' आपल्याकडे मराठी मीडियमला हेच होतं, मला पण होतं, पुण्यात पहिल्या नोकरीत फोनवर बोलताना घाम फुटायचा आणि मार्कशीटवर इंग्लिशला ऐंशीच्या वर.

दुसरं दुखणं, प्रॅक्टिस पेपर सोडवला, उत्तरं तपासली, वीसपैकी पंधरा, चला पुढचा पेपर. असे शंभर पेपर सोडवले तरी पंधराचे सोळा होत नाहीत कारण चुकलेल्या पाचांचं काय झालं ते कोणी बघितलंच नाही आणि बरोबर आलेल्या पंधरातले चार अंदाजपंचे आलेत ते तर कोणाच्याच लक्षात येत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की पेपर कमी सोडवा, उत्तरं तपासून झाली की तिथून पुढे काम चालू करा.

लिसनिंगचं काम असं करायचं

एक मोठा संवाद घ्या, मिनिटभराचा. आधी परीक्षेसारखा सोडवून घ्या. मग उत्तर न बघता तो परत लावा, एकेक वाक्य थांबवून, आणि ऐकू येईल ते वहीत लिहायला लावा, जसं ऐकू आलं तसं, स्पेलिंगची चिंता नको. एक वाक्य तीनदा ऐकवा, त्याच्यावर नाही, चौथ्यांदा ऐकून काही नवीन ऐकू येत नाही, नुसता वैताग येतो. इकडे याला जिंगथिंग म्हणतात, बारीक ऐकणं. मग स्क्रिप्ट उघडा आणि जुळवा.

आमच्याकडे घडलेलं सांगते. वाक्य होतं 'आय शुड हॅव टोल्ड हर अर्लियर.' पोरीने वहीत लिहिलं, 'आय शूड अ टोलर अर्लियर.' मी म्हटलं टोलर म्हणजे काय, ती म्हणाली माहीत नाही, असेल काहीतरी, एखाद्या माणसाचं नाव असेल. स्क्रिप्ट बघितल्यावर एवढी चिडली, म्हणे ह्यातला एकेक शब्द मला सहावीपासून येतो! बरोबरच आहे. पण बोलताना 'शुड हॅव'चं 'शुडा' होतं आणि 'टोल्ड हर'मधला 'ह' गळून 'टोलडर' होतं. मी लाल पेनाने 'शुडा' आणि 'टोलडर' लिहून घेतलं, वहीच्या मागच्या पानावर. आता त्या पानावर अशा चाळीसेक जोड्या आहेत, 'वॉट डिड यू'चं 'वॉडिजू', 'गिव्ह हिम'चं 'गिव्हिम', असं सगळं, आणि खरं सांगू, तेच पान तिचं सगळ्यात कामाचं पुस्तक आहे.

जुळवून झालं की स्क्रिप्ट बघत बघत रेकॉर्डिंगच्या मागोमाग बोलायचं, त्याच वेगात, तशीच अक्षरं गाळून. लाज वाटते, वाटू दे. जे तोंडातून एकदा तसं निघालं ते कानाला पुढच्या वेळी ओळखीचं वाटतं. शेवटी स्क्रिप्ट मिटवून एकदा नुसतं ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा. एका संवादाला सगळं मिळून पंचवीस-तीस मिनिटं जातात. रविवारी दोन संवाद खूप झाले.

चिनी मुलांचे काही ठरलेले खड्डे आहेत, ते आपल्या मुलांचे नाहीत म्हणून शिकवणाऱ्याला पटकन कळत नाहीत. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अक्षराचा शेवट एक तर स्वराने होतो नाहीतर न किंवा अनुनासिक ङ ने, फार तर र सारखा. क, ट, ड, स, प असं शेवटी काही येतच नाही. त्यामुळे इंग्लिश शब्दाचं शेपूट त्यांना ऐकूच येत नाही, 'लाइक' की 'लाइक्ड', 'कोल्ड' की 'कोल', सगळं एकच. यावर उपाय म्हणजे मी दोन शब्द कागदावर लिहिते, एक मोठ्याने म्हणते, तिने बोट ठेवायचं. 'कॅन' आणि 'कान्ट', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. फिफ्टीनमध्ये जोर शेवटच्या 'टीन'वर, फिफ्टीत सुरुवातीच्या 'फिफ'वर, हे सांगितल्यावर तिचं पटकन सुटलं. पाच मिनिटांचा खेळ आहे, भाजी निवडता निवडता होतो.

दुसरं म्हणजे तो आणि ती. चिनी बोलण्यात दोन्हीला 'था'च म्हणतात, लिहिताना अक्षर वेगळं पण ऐकायला एकच. त्यामुळे 'ही' आणि 'शी' त्यांच्या कानाला महत्त्वाचंच वाटत नाही. प्रश्न असतो की डॉक्टरकडे कोण जाणारे, भाऊ की बहीण, आणि बोलताना भावाचं नाव एकदाच येतं पुढे नुसतं 'ही'. तर पर्यायांत बाई आणि पुरुष दोन्ही असतील तर ऐकायच्या आधीच तिथे पेन्सिलने टिंब द्यायचं, की इथे कान लावायचा.

तिसरं आकडे. चिनीत दहा हजाराला एक शब्द आहे, वान, आणि पुढची सगळी मोजणी त्या वानमध्ये. 'ट्वेंटी थाउजंड' म्हणजे दोन वान, 'वन मिलियन' म्हणजे शंभर वान. ऐकता ऐकता हा हिशोब डोक्यात होतो तोपर्यंत पुढची दोन वाक्यं गेलेली असतात. आपलं काय वेगळंय, मिलियन ऐकलं की आपण पण आधी दहा लाख म्हणतो मग समजतं. यावर एकच, हिशोब करायचाच नाही, ऐकला आकडा की इंग्लिश स्वल्पविरामासकट कागदावर उतरवायचा, 'थाउजंड' ऐकू आलं की स्वल्पविराम, 'मिलियन'ला पहिला स्वल्पविराम. रोज दहा आकडे, मी मार्केटमधले मीटरचे आणि ऑर्डरचे आकडे सांगते, संपतच नाहीत.

प्रश्न सोडवायची युक्ती म्हणाल तर मोठी एकच आहे. संवादात जो शब्द ठणठणीत ऐकू आला आणि पर्यायात जसाच्या तसा दिसला, त्याच्यावर आधी संशय घ्यायचा. म्हणजे बाई म्हणते सिनेमाला जाऊ, तो म्हणतो मला पण आवडलं असतं पण आज घरी पाहुणे आहेत, मग ती म्हणते बरं मग शनिवारी. सिनेमा, पाहुणे, शनिवार तिन्ही ऐकू आलं, आणि प्रश्न असतो की आज तो काय करणार. 'बट', 'अ‍ॅक्चुअली', 'आय अ‍ॅम अफ्रेड' हे आलं की त्याच्या पुढचं ऐकायचं, मागचं सोडून द्यायचं. आणि एक प्रश्न हुकला तर हुकला, दीड मार्क गेला, तोच धरून बसलं की पुढचे दोन जातात.

आणि तो शर्ट. सूचना आणि शर्टाचं उदाहरण चालू असतं तेवढ्या वेळात पहिल्या पाचही प्रश्नांचे पर्याय वाचून घ्यायचे, शर्टाकडे लक्ष द्यायचं नाही, किंमत सगळ्यांना पाठ आहे.

आठवडाभर काय करायचं हा प्रश्न राहतो, कारण फोन नाही. 2021 पासून सरकारचा नियम आहे की तत्त्वतः विद्यार्थ्याने फोन शाळेत आणायचा नाही, आणि आणलाच तर शाळा जमा करून घेते. म्हणून इथे अजून एमपीथ्री प्लेअर चालतात, आपल्याकडे भंगारात गेले ते. रविवारी मी त्यात चारच फाइल टाकून देते, त्या आठवड्यात बारीक ऐकलेले दोन संवाद आणि दोन नवीन सोपे. आधी उत्साहात पन्नास टाकले होते, एकही ऐकला नाही तिने. चार असले की तेच परत परत ऐकते, दात घासताना, कँटीनच्या लायनीत. हे नुसतं ऐकणं, फानथिंग, ह्याच्यावर प्रश्न विचारायचे नाहीत.

रीडिंग

रीडिंगमध्ये चार उतारे असतात, ए बी सी डी. ए म्हणजे जाहिरात, माहितीपत्रक, म्युझियमच्या वेळा वगैरे. बी साधारण गोष्टीसारखा, कोणाचा तरी अनुभव. सी आणि डी माहितीपर, संशोधन, पर्यावरण, टेक्नॉलॉजी, तिथे मुलं अडकतात. त्याच्यानंतर सात वाक्यांतून पाच निवडून रिकाम्या जागी बसवायची, दोन उरतात. सगळं मिळून पस्तीस मिनिटांत व्हायला पाहिजे नाहीतर लेखनाला वेळ राहत नाही आणि लेखन 40 मार्कांचं आहे.

ए ला सरळ प्रश्न वाचा, उताऱ्यात जागा शोधा, उत्तर द्या, पूर्ण वाचायचं कारणच नाही. बी मात्र सलग वाचायचा. आमची पोरगी उलटं करायची, ए मधलं म्युझियमचं तिकीट मन लावून वाचायची आणि बी मधली गोष्ट तुकड्या तुकड्यांत, मग कोण कोणावर चिडलंय तेच कळायचं नाही.

सी-डी मध्ये शब्द अडतात असं मुलं म्हणतात. शब्द नसतात अडत, वाक्य अडतं. मी एक वाक्य बनवून दिलं होतं, 'द बाइक द ओल्ड मॅन हू लिव्ह्ज अबव्ह अस सोल्ड टू माय ब्रदर हॅज नो ब्रेक्स.' एकही शब्द अवघड नाही. पोरगी म्हणाली, 'तुमच्या भावाला ब्रेक नाहीत.' आम्ही दोघी एवढ्या हसलो की तिची आजी बघायला आली. आता हेच मराठीत बघा: आमच्या वर राहणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्या भावाला विकलेल्या सायकलला ब्रेक नाहीत. सगळं वर्णन आधी, वस्तू नंतर. चिनीत पण हाच क्रम. इंग्लिशमध्ये वस्तू आधी येते आणि शेपूट मागून. म्हणून मराठी माणूस हे चिनी मुलाला जास्त चांगलं समजावू शकतो असं माझं मत झालंय, आपलं आणि त्यांचं डोकं इथे एकाच बाजूने चालतं.

करायचं काय, तर लांब वाक्य आलं की शेपटं कंसात टाकायची. 'हू', 'विच', 'दॅट' दिसलं की कंस उघडा, आणि दोन नावं शेजारी शेजारी आली आणि मध्ये काहीच नाही, जसं 'द बाइक द ओल्ड मॅन', तिथे पण कंस उघडा. कंसातलं झाकून बाकीचं वाचा. 'द बाइक हॅज नो ब्रेक्स.' झालं. रोज तीन वाक्यं, त्याच उताऱ्यातली, जास्त नको. महिन्याभरात तिला कंस काढायची गरज पडेना, डोळ्यानेच टाकायला लागली.

प्रश्न तपासताना नियम असा की नुसतं ए-बी-सी-डी चालणार नाही, उत्तर ज्या ओळीवरून काढलं त्या ओळीखाली रेघ मारायची. रेघ नाही तर उत्तर बरोबर असलं तरी माझ्याकडे चूक. पहिल्या महिन्यात ह्यावरून फार भांडणं झाली. पण त्यातून कळलं की तिची बरीच उत्तरं उताऱ्यातून नाही तर स्वतःच्या डोक्यातून येत होती, प्लॅस्टिकबद्दल उतारा असला की प्लॅस्टिक वाईट हा पर्याय निवडायचा, उताऱ्यात काही का म्हणेना. टायटलच्या प्रश्नाला पण तेच, जो पर्याय फार मोठा वाटतो, अख्ख्या जगाबद्दल बोलतो तो बहुतेक वेळा नाही, आणि जो एकाच परिच्छेदाबद्दल आहे तो पण नाही.

सातातून पाच वाल्याला आधी रिकाम्या जागेच्या पुढचं-मागचं वाक्य वाचा. 'दे', 'धिस', 'सच' असं काही असेल तर ते कोणाला म्हटलंय ते शोधा. 'दे' असेल आणि मागे एकच माणूस असेल तर ते वाक्य तिथलं नाही. हे फार मेकॅनिकल आहे, आणि मला त्यात काही गंमत वाटत नाही, पण साडेबारा मार्क आहेत.

चुकांची वही इथे प्रत्येक मुलाकडे असते, शाळाच करायला लावते. तिची वही बघितली तर चुकलेले प्रश्न कात्रीने कापून चिकटवलेले, रंगीत पेनं, स्टिकर, बघत राहावं अशी, आणि परत कधी उघडलेली नाही. मी सांगितलं चिकटवू नकोस, एका चुकीला एकच ओळ लिही, का चुकलं. 'ही-शी गोंधळ.' 'बट नंतरचं ऐकलं नाही.' 'भावाला ब्रेक.' दोन महिन्यांनी ओळी मोजल्या तर अर्ध्याच्या वर चुका तीनच प्रकारच्या निघाल्या.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवीन काही नाही, मागच्या पानावरच्या चाळीस जोड्या आणि जुने ऐकलेले संवाद, दुपारी तीन वाजताच ऐकायचे कारण जूनमध्ये पेपर 8 तारखेला दुपारी 3 ते 5 असतो आणि जेवून त्या वेळेला डोळे मिटतात. लिसनिंग पहिलंच असल्यामुळे 2:45 नंतर हॉलमध्ये घेत नाहीत, बाकीच्या विषयांसारखी सवलत नाही. आसपासच्या रस्त्यांवर त्या वेळात हॉर्न वाजवू देत नाहीत, आणि टॅक्सी दारापर्यंत जाईलच असं नाही, थोडं लांब उतरून चालायचं धरूनच निघा. 2बी पेन्सिली दोन, आधीच टोक काढून थोडं बोथट केलेल्या, उत्तरपत्रिकेवरचे चौकोन पटकन भरतात. आणि जेवणात आजीला सांगून ठेवा की सूप नको.